कार्बोरेटरमधून पेट्रोल गळते: नवीन घ्यावा की दुरुस्ती शक्य आहे?

गोडोलीकर (सातारा)
नमस्कार. माझ्याकडे वडिलांची २००७ सालची, शंभर सीसीची चार-स्ट्रोक मोटारसायकल आहे. गाडी रोज घर ते पोवई नाका एवढीच धावते आणि एखाद्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढते. गेले पंधरा दिवस रात्री उभी केलेल्या गाडीखाली सकाळी पेट्रोलचा ओला डाग दिसतो, पार्किंगमध्ये वास कोंडतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याबद्दल दोनदा विचारणा केली आहे. एका गॅरेजमध्ये दाखवली असता, स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताच ‘कार्बोरेटर गेला, नवीन टाका’ असे उत्तर मिळाले. खरोखर पूर्ण कार्बोरेटर (इंजिनला हवा-पेट्रोलचे मिश्रण देणारा भाग) बदलावा लागतो का, की आतले सुटे भाग बदलून काम भागेल? थोडेफार काम मी स्वतः करू शकतो.

कृष्णाकाठ (सांगली)
आजपासून रात्री पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) न विसरता बंद करा आणि गाडी उघड्यावर, देवघराच्या दिव्यापासून व इन्व्हर्टरपासून दूर लावा. गळती नेमकी कोठून होते, हे कळल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे. कार्बोरेटरखाली कोरडा पुठ्ठा ठेवून पाहा. पेट्रोल ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येते, वाटीच्या (कार्बोरेटरच्या तळाच्या, पेट्रोल साठणाऱ्या भांड्याच्या) सांध्यातून पाझरते, की कॉककडून येणाऱ्या रबरी नळीवरून ओघळते? गाडी साइड स्टँडवर असते की मधल्या स्टँडवर?

गोडोलीकर
पुठ्ठा ठेवला. थेंब ओव्हरफ्लोच्या नळीतूनच पडतात. वाटीचा सांधा कोरडा आहे. साइड स्टँडवर गळती जास्त होते, मधल्या स्टँडवर कमी, पण थांबत नाही. कॉक बंद केल्यावर पाचेक मिनिटांत थेंब बंद होतात.

कृष्णाकाठ
मग नवीन कार्बोरेटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

त्या नळीतून पेट्रोल येण्याची कारणे मुख्यतः तीन असतात. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल असतो, किंवा वाटीत उभी असलेली बारीक पितळी नळी तडकलेली असते, किंवा फ्लोटखालची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाखालची) नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, पेट्रोल अडवत नाही, त्यामुळे पातळी वाढून ते त्या पितळी नळीच्या तोंडातून खाली उतरते. पहिल्या दोन प्रकारांत कॉक बंद केला तरी वाटीतले पेट्रोल गळत राहते. तुमच्याकडे कॉक बंद होताच गळती लवकर थांबते, म्हणून माझा संशय नीडलवर आहे. साइड स्टँडवर गाडी कलते, आतली पातळी एका बाजूला चढते आणि दुखणे अधिक दिसते. मात्र धडधाकट कार्बोरेटर तेवढ्या कलण्याने गळत नाही.

वाटी उघडताना स्क्रूच्या डोक्यात नीट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाबून फिरवा, कारण ते स्क्रू मऊ असतात आणि एकदा खाच गेली की अर्धा दिवस गेला. नीडलचे टोक उजेडात धरा. निमुळत्या भागावर गोल चरा दिसला तर ती बाद समजा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तोही बदलावा लागेल. नीडल ज्या सीटवर बसते ती कापसाच्या काडीने पुसा, तिच्यात किंवा जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी भागात) टाचणी घालू नका. पितळ ओरखडले की ती चूक परत घेता येत नाही.

जोडण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करा. वाटी न लावता कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल, आणि पेट्रोल येणाऱ्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलके फुंका. हवा अजिबात जाता कामा नये.

मिरजेचा प्रवासी
वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु नीडल बदलूनही दुखणे परत येऊ शकते. २०१९ च्या महापुरात आमची गाडी तीन दिवस पाण्यात होती. त्यानंतर टाकीच्या आतून गंजाचे कण सुटत राहिले आणि एखादा कण सीटवर अडकला की गळती सुरू, असे वर्षभर चालले. टाकी धुऊन कॉकची जाळी साफ केल्यावरच ते थांबले. तुमच्याकडे पूर आला नसला तरी टाकी अठरा-एकोणीस वर्षांची आहे.

दुसरे असे की, आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच भागातील साखर कारखाने ते बनवतात, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करायची! इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर त्यामुळे फुगते किंवा कडक होते. वाटीची ओ-रिंग (सांध्यातले रबरी कडे) आणि पेट्रोलची नळी त्याच वेळी बदला. स्वस्त डुप्लिकेट किटमधली नीडल माझ्याकडे महिनाभरही टिकली नाही. वाटीला सिलिकॉन किंवा एम-सील लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात.

कृष्णाकाठ
एक गोष्ट लिहायची राहिली. इंजिन ऑइलची डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची काडी) काढून वास घ्या. जादा पेट्रोल कधीकधी इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तेथून तेलात उतरते. पेट्रोलचा वास आला किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर ते तेल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

गोडोलीकर
काल रविवारी काम केले. नीडलवर नखाला जाणवेल एवढा चरा होता. फ्लोट ठीक निघाला, कॉकची जाळी मात्र तांबूस गाळाने अर्धी बुजलेली होती. ओरिजिनल नीडल, ओ-रिंग आणि नळी बसवली. फुंकून पाहण्याची तपासणी पहिल्यांदा फसली, कारण सीटवर कापसाचा धागा राहिला होता. तेलाला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून तेही बदलले. रात्री मुद्दाम कॉक चालू ठेवून गाडी अंगणात साइड स्टँडवर लावली. सकाळी पुठ्ठा कोरडा होता. टाकी धुण्याचे काम पुढच्या रविवारी. गंज काढण्यासाठी आत काय घालावे, ते मिरजेच्या प्रवाशांनी कृपया लिहावे.

मिरजेचा प्रवासी
आम्ही मूठभर छोटे नट आणि थोडे रॉकेल घालून टाकी हलवली होती. नट आत टाकताना मोजून टाका आणि काढतानाही मोजा.