रोजच्या वापरासाठी मोठी ॲडव्हेंचर मोटारसायकल घ्यावी का? बेळगावकरांचा सल्ला हवा

शहापूरहून:

नमस्कार मंडळी. मी शहापुरात राहतो आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. गोवावेस, आरपीडी कॉर्नर आणि तिसऱ्या रेल्वे गेटचा उड्डाणपूल असा माझा रोजचा रस्ता आहे. गेली नऊ वर्षे 125 सीसीची गाडी चालवली. आता हिमालयन 450 घ्यावी असे फार मनात आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी चोर्ला घाटाने गोव्याकडे किंवा आंबोलीला जाणे होते, बाकी सगळे दिवस गावातच. घरी दुसरी गाडी लावायला जागा नसल्यामुळे रोज हीच वापरावी लागेल. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि शोरूममध्ये बसून पाहिले तेव्हा दोन्ही टाचा टेकल्या नाहीत. एवढी मोठी गाडी गावात रोज झेपेल का, हे ज्यांनी स्वतः चालवली आहे त्यांनी कृपया सांगावे.

टिळकवाडीहून:

मी गेली पाच वर्षे व्ही-स्ट्रॉम 650 हीच एकमेव गाडी म्हणून वापरतो आहे. तिचे वजन 216 किलो आहे, तुम्ही म्हणता त्या हिमालयनचे 196. गाडी एकदा चालू लागली की हे वजन जाणवत नाही. उलट उंच बसल्यामुळे पुढच्या टेम्पोच्या पलीकडचे दिसते, आणि पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावर जिथे स्कूटरवाले जीव मुठीत धरून जातात तिथे ही गाडी निवांत निघते. वजन जाणवते ते माणसाच्या चालीने जाताना आणि थांबताना. म्हणून रस्त्याचा विचार करू नका. घराच्या फाटकापासून बोळाच्या तोंडापर्यंतच्या आणि कारखान्यातल्या वाहनतळाच्या शेवटच्या शंभर पावलांचा विचार करा.

माझी गाडी आजवर दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा वेग शून्याच्या जवळ होता. एकदा श्रावणातल्या पावसात घरासमोर वळवताना हॅन्डल पूर्ण वळलेले असताना मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक जागीच थबकले, गाडी आतल्या बाजूला कलली आणि जिथे पाय टेकायला गेलो तिथे गटाराकडे उतार होता. चार इंच खाली जमीनच नव्हती. कललेली गाडी ठरावीक कोनापलीकडे कोणालाच सावरत नाही, त्या वेळी तिला सोडून बाजूला व्हावे हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून सावकाश वळताना पुढच्या ब्रेकला बोट लावत नाही. अर्धा क्लच, किंचित ॲक्सिलरेटर आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, एवढ्यावर गाडी सरळ उभी राहते. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर दोन-तीन तास हा सराव केलात तर महिन्याभराची भीती जाईल.

टाचांची काळजी करू नका. हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर असते आणि 845 पर्यंत वाढवता येते. त्याहून बुटकी सीटही वेगळी विकत मिळते. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील, किंवा एक पाय पूर्ण टेकत असेल, तर पुरे आहे. मात्र थांबण्याआधी कोणता पाय कुठे पडणार हे पाहण्याची सवय हवी.

उष्णतेविषयी: एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो की इंजिन थंड करणाऱ्या पंख्याची गरम हवा पायांवर येते. गेट पडले की मी इंजिन बंदच करतो. आणि बाजूच्या पेट्या रोज लावून फिरू नका. त्या हॅन्डलपेक्षा रुंद असतात, पुढचे निघाले म्हणून मागचे निघेलच असे नसते. शनिवार खुटाच्या गर्दीत मी एका भाजीच्या गाड्याला घासून हे अनुभवले आहे. डब्यासाठी मागे एक लहान पेटी पुरते.

खानापूरहून:

वरील सल्ला योग्यच आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. महिन्यातून एक फेरी आणि उरलेले दिवस गाव, असा हिशेब असेल तर एक्सपल्स 210 सारखी 170 किलोच्या आसपासची गाडीही पाहावी. जांबोटीच्या रस्त्यावर लाल चिखलात हलकी गाडी मी एकटा ओढून काढू शकतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर 40 टक्के. हा फरक किमतीत चांगलाच दिसतो.

शहापूरहून:

दोघांचेही मनापासून आभार. काल मित्राची हिमालयन मागून आणली आणि कारखान्याऐवजी आधी आमच्या बोळात नेली. फाटकातून आत जाते, पण वळवायला जागा नाही आणि अंगण फाटकाकडे उतरते आहे. पुढचे तोंड करून आत घातली, तर सकाळी मागे घेताना उतारामुळे ती ओढत नेते. यावर काही उपाय आहे का? तेवढे जमले तर मी हीच घेणार आहे.

टिळकवाडीहून:

उपाय आहे. रात्री बाहेर रस्त्यावरच वळवा आणि उलटी आत घ्या, म्हणजे सकाळी तोंड फाटकाकडे राहील. मात्र उलटी ढकलताना चढ लागेल, तेव्हा सुरुवातीला घरातले कोणीतरी मागून धरायला घ्या, आणि तुम्ही सीटवर न बसता डाव्या बाजूला उभे राहून, कंबर गाडीला टेकवून ढकला. तोंड उताराकडे असल्यामुळे गाडी स्टँडवरून पुढे घसरू शकते, म्हणून रोज न चुकता पहिल्या गिअरमध्येच ठेवा. स्टँडखाली एक फरशीचा तुकडा घाला, नाहीतर पावसाळ्यात तो मातीत रुततो. मित्राची गाडी अजून तुमच्याकडे असेल तर आज रात्रीच एकदा करून पाहा.