'नाकाचं हाड वाढलंय' म्हणजे नेमकं कोणतं हाड?

शेजारच्या काकूंचं नाक महिनोन्‌महिने चोंदलेलं असतं. परवा तपासून आल्या आणि म्हणाल्या, "नाकाचं हाड वाढलंय." रिपोर्टात मात्र दोन गोष्टी होत्या: दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे वाकलेला आणि उजवीकडचं खालचं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरचं वळलेलं हाड, अस्तरासकट फुगलेलं. आपण दोन्हींना 'हाड वाढलं' म्हणून मोकळे होतो. पण पडदा वाकतो, आणि त्याचा पुढचा भाग तर हाडाचा नसून लवचीक कूर्चेचा असतो. टर्बिनेटमध्ये बहुतेकदा फुगतं ते हाडावरचं रक्ताने भरणारं अस्तर.

पडद्याला 'पडदा' आहेच. टर्बिनेटला काय म्हणावं? 'नासाशुक्तिका' काकूंच्या तोंडी बसणार नाही. मला 'सुरळी' सुचतो. बोकडाची मुंडी उभी चिरली की नाकाच्या पोकळीत कागदासारखी पातळ हाडं सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली दिसतात.

प्रतिसाद १:
सुरळी बोकडाला शोभते. माणसाच्या नाकात एवढे वेढे नसतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाखाली एक अशी तीन-तीन हाडं, कडा खाली वळलेल्या. शुक्ती म्हणजे शिंपला आणि डॉक्टरांचा लॅटिन 'कोंका' म्हणजेही शिंपलाच. मग सरळ 'शिंपला' म्हणा की! वरचे दोन शिंपले चाळणीसारखी भोकं असलेल्या एका मोठ्या हाडाचे भाग. तळचा मात्र स्वतंत्र हाड, आणि काकूंचा फुगलाय तो हाच. त्याच्या वळचणीला डोळ्यातून येणारी अश्रूंची नळी उघडते, म्हणून रडताना नाक गळतं.

शिंपल्यांमुळे हवेला अरुंद फटींतून, ओल्या अस्तराला घासत जावं लागतं. घशापर्यंत पोचेस्तोवर ती ऊबदार आणि दमट होते, धूळ शेंबडाला चिकटून राहते. म्हणून 'हाड वाढलंय, कापून टाका' हे ऐकलं की मला काळजी वाटते. शिंपला गरजेपेक्षा जास्त काढला तर नाक आतून मोकळं असूनही कोरडं पडतं आणि काहींना श्वास पुरत नाहीसा वाटतो.

प्रतिसाद २:
यात 'स्वर'ही हवा. आमचे आजोबा म्हणायचे, "आज डावा स्वर चालू आहे." म्हणजे श्वास डाव्या नाकपुडीतून जास्त मोकळा वाहतोय. डावा तो चंद्रस्वर, उजवा सूर्यस्वर. काही तास एका बाजूचे शिंपले फुगतात आणि दुसरीकडचे ओसरतात, मग पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिशार्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. योगाभ्यासी लोकांकडे त्याला शब्द आधीपासून होता.

मूळ प्रश्नकर्ती:
पटलं, 'शिंपला'च घेते. काकूंना सांगितलं, "पडदा वाकलाय आणि शिंपला फुगलाय." त्यांनी लगेच विचारलं, "मग उन्हाळ्यात माझा घोळणा फुटतो, तो शिंपल्यातून का गं?" नाही. घोळणा बहुतेक वेळा पडद्याच्या पुढच्या भागातून फुटतो. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं.