मदत हवी आहे: ईएल34 काढून 6एल6 बसवल्या तर क्लीन आवाज खरंच मोकळा होतो का?

तारसप्तक

नमस्कार मंडळी,

गिटार अॅम्पच्या पॉवर ट्यूबच्या (स्पीकर हलवण्याची ताकद देणाऱ्या काचेच्या ट्यूब; ईएल34, 6एल6 ही त्यांची नावं) बाबतीत एक निर्णय अडलाय. जाणकारांनी वाट दाखवावी.

माझ्याकडे 50 वॅटचा हेड (स्पीकरशिवायचा अॅम्प) आहे, मार्शल 1987 च्या सर्किटवर बांधलेला (1987 हा मॉडेल नंबर, साल नव्हे). मास्टर व्हॉल्यूम नाही. पॉवर सेक्शनला ईएल34 ची जोडी, फिक्स्ड बायस (बायस म्हणजे ट्यूबमधला करंट ठरवणारं उणे व्होल्टेज), बायसचा प्रीसेट (ते जुळवायची छोटी खुंटी) आत. खाली 25 वॅटच्या दोन 12 इंची ग्रीनबॅक स्पीकरचं कॅबिनेट. गिटारला सिंगल कॉइल पिकअप.

हलक्या हाताने वाजवलं की कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू यावी आणि पिक जोरात मारला की आवाज किंचित फाटावा, एवढंच मला हवंय. सध्या व्हॉल्यूम अर्ध्यावर जायच्या आतच कॉर्डमधले सूर एकमेकांवर चढतात आणि जाड ई तार सैल, पसरट वाजते. मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) पुढे येतात. लीडला ते फार छान लागतं, पण मी बहुतेक वेळ साथ करतो.

सगळीकडे वाचायला मिळतं ते असं: ईएल34 म्हणजे भरपूर मिड्स आणि लवकर फाटणारा आवाज, 6एल6 म्हणजे घट्ट बेस आणि जास्त हेडरूम (आवाज फाटण्याआधी मिळणारी जागा), ईएल84 म्हणजे झणझणीत ट्रेबल, 6व्ही6 म्हणजे मऊ. पण ही वर्णनं ट्यूबची आहेत की ती ट्यूब ज्या प्रसिद्ध अॅम्पमध्ये बसायची त्या अॅम्पची? हे कळल्याशिवाय हात घालायचा नाही असं ठरवलंय. 6एल6जीसी बसवायच्या झाल्या तर फक्त बायस करून भागतं का? आणि केटी66 हा मधला मार्ग ठरेल का?

निषाद

तारसप्तक, शंका अगदी योग्य जागी आहे. बरीचशी वर्णनं अॅम्पचीच आहेत.

फेंडर ट्विन रिव्हर्ब घ्या. चार 6एल6, 85 वॅट. त्याच्या टोन स्टॅकमध्ये (बेस, मिडल, ट्रेबलच्या खुंट्यांचं सर्किट) स्लोप रेझिस्टर 100 किलोओहमचा आणि ट्रेबल कपॅसिटर 250 पिकोफॅरडचा असतो. तुमच्या सर्किटमध्ये तेच 33 किलोओहम आणि 500 पिकोफॅरड. फेंडरच्या आकड्यांमुळे मिड्समध्ये खोल खड्डा पडतो, मार्शलमध्ये तो बराच उथळ राहतो. सिग्नल पॉवर ट्यूबपर्यंत पोचायच्या आधीच हा फरक पडून गेलेला असतो. आपण ‘6एल6 चा आवाज’ म्हणतो त्यातला मोठा वाटा या दोन छोट्या भागांचा आहे.

मार्शलचा इतिहासही तेच सांगतो. जेटीएम45 हा फेंडर बासमन 5एफ6-ए वरून घेतलेला. त्यात आधी 5881 (म्हणजे 6एल6 च्याच घराण्यातली) होती, मग केटी66 आली, आणि ईएल34 त्यानंतर. पुढे 70 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या अनेक मार्शलमध्ये 6550 असायच्या. ते अॅम्प जास्त कडक आणि उशिरा फाटणारे होते, पण ऐकणाऱ्याला ते मार्शलच वाटत.

आता ट्यूबचा स्वतःचा वाटा. ईएल34 पेंटोड, 6एल6 बीम टेट्रोड (आतल्या रचनेचे दोन प्रकार), हे सगळे सांगतात. तुमच्या कामाचा फरक संवेदनशीलतेत आहे. ईएल34 चा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवरच्या, म्हणजे ट्यूबच्या इनपुटवरच्या, दर व्होल्टमागे करंट किती बदलतो तो आकडा) 11 मिलीअँपिअर प्रति व्होल्टच्या आसपास, 6एल6जीसीचा 5 ते 6. म्हणजे तेवढाच आवाज काढायला 6एल6 ला ग्रिडवर जास्त सिग्नल लागतो. व्हॉल्यूमची खुंटी त्याच जागी ठेवलीत तर 6एल6 उशिरा फाटणार, आणि ऐकणारा त्यालाच हेडरूम म्हणणार. शिवाय पॉवर सेक्शनचा गेन उतरला की निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देण्याचा) परिणामही उतरतो, म्हणून प्रेझेन्सची (सर्वात वरच्या सुरांची) खुंटी आधीसारखी वागत नाही. ट्यूब बदलली की फीडबॅकही नकळत बदलतो, आणि ट्यूबची तुलना करताना नेमकं हेच विसरलं जातं. वॅट जवळपास तेच राहतात. अगदी दुप्पट झाले असते तरी वाढ 3 डेसिबलचीच.

केटी66 मला स्वतःला फार आवडते, खालचे सूर भरीव येतात. पण बाटली जाड असते, सॉकेटभोवतीची जागा मोजून घ्या. मोकळ्या आवाजासाठी मात्र मी आधी 6एल6 च ऐकून बघेन.

खर्जवाला

ट्यूब राहू द्या बाजूला, आधी जाड तारेचं बघू. 25 वॅटचे दोन स्पीकर म्हणजे एकूण 50. हा हेड पूर्ण उघडला, आवाज फाटू लागला, की 50 च्या वर सहज जातो. ग्रीनबॅकवर ताण आला की बेस सैल होतो, आणि तो सैलपणा कितीतरी लोकांना हवाहवासा असतो. तुम्हाला नकोय.

दोन गोष्टी सांगा. दोन्ही चॅनेल पॅच केबलने जोडून वाजवता का? आणि बेसची खुंटी कुठे असते? या सर्किटमध्ये आवाज वाढवताना बेस उतरवत न्यावा लागतो. बेस आधीच्या टप्प्यातच जास्त सोडला तर पुढे कुठलीही पॉवर ट्यूब तो घट्ट करू शकत नाही.

तारसप्तक

निषाद, खर्जवाला, दोघांचे मनापासून आभार. फीडबॅकचा मुद्दा मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता.

हो, दोन्ही चॅनेल जोडलेले होते आणि बेस 6 वर. आज फक्त ब्राइट चॅनेल घेतला, बेस 2 वर आणला. जाड तार एकदम जाग्यावर आली! कॉर्डमधली गर्दी थोडी कमी झाली, पण आहे. मिडलची खुंटी उतरवली तर आवाज लांब गेल्यासारखा वाटतो, म्हणून 6एल6 ऐकून बघायची इच्छा कायम आहे.

माझ्या एका मित्राने, जो अॅम्प दुरुस्त करतो, मोजून दिलंय: प्लेटला (ट्यूबमधल्या मुख्य इलेक्ट्रोडला) 450 व्होल्ट, आणि बायसचा प्रीसेट टोकाला नेला तरी उणे 42 च्या पुढे जात नाही.

निषाद

मग उत्तर सरळ आहे: आत्ताच्या स्थितीत 6एल6 लावू नका. 450 व्होल्टला ईएल34 ला साधारण उणे 38 पुरतात, 6एल6जीसीला उणे 45 ते 50 लागू शकतात. उणे 42 वर त्या गरजेपेक्षा जास्त करंट ओढतील आणि प्लेट लाल होईल. बायसच्या फाट्यातला एक रेझिस्टर बदलून ही मर्यादा वाढवता येते. मित्राला पाच मिनिटांचं काम आहे.

नंतर हिशोब असा: 6एल6जीसीची कमाल प्लेट डिसिपेशन (प्लेट सोसू शकते ती उष्णता) 30 वॅट, तिचे 70 टक्के म्हणजे 21. भागिले 450, प्रत्येकी सुमारे 47 मिलीअँपिअर. ही वरची हद्द समजा, 35 ते 40 वर ऐकायला सुरुवात करा. ईएल34 साठी हाच हिशोब 25 वॅटने करायचा, उत्तर 39 येतं. कॅथोडला 1 ओहमचा रेझिस्टर घातला की जितके मिलीव्होल्ट तितके मिलीअँपिअर. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) करंटही धरलेला असतो, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

हीटरची काळजी नको, ईएल34 दीड अँपिअर घेते, 6एल6 फक्त 0.9. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरमधला) ट्यूबला 3.4 किलोओहमच्या आसपासचा भार देत असेल, 6एल6 ला थोडा जास्त बरा पडतो, पण चालतं. सॉकेटच्या पिन 1 आणि 8 जोडलेल्या असतील तर तशाच राहू द्या. उलटा प्रवास करणाऱ्यांनी, म्हणजे 6एल6 च्या अॅम्पमध्ये ईएल34 घालणाऱ्यांनी, हे तिन्ही मुद्दे आधी तपासायलाच हवेत.

श्रुतिमंद्र

एक कळकळीची विनंती. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 च्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ते उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालायचा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

तारसप्तक

काम मित्रच करणार आहे, मी फक्त ऐकणार. रेझिस्टर बदलून झाला की दोन्ही जोड्यांचं रेकॉर्डिंग इथे टाकतो, एकच मायक्रोफोन, एकाच जागी. खुंट्या तशाच ठेवू का?

निषाद

दोनदा करा. एकदा खुंट्या तशाच ठेवून, आणि एकदा मीटरवर आवाजाची पातळी सारखी करून. थोडा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी बरा वाटतो, त्यामुळे दुसरं रेकॉर्डिंग जास्त महत्त्वाचं.