अनुभव धागा: एमएच १०, ११ आणि ५० सीमेपलीकडे

दिवाळीनंतर स्वतःच्या गाड्या घेऊन नेपाळला जायचं आमच्या गल्लीत ठरतंय. भूतानचं नाव पण मधूनच कुणीतरी काढतं. सातारा, कराड, सांगली भागातून जे खरोखर जाऊन आले आहेत त्यांनी तयारीबद्दल लिहावं. फोटो नकोत, ते सगळ्यांनी बघितलेत. कागद, रस्ता, पैसा आणि घरची माणसं, एवढ्यावर बोला.

विटा
आमच्याकडं उत्तरेचा बेत नकाशावर नाही, भावकीवर ठरतो. खानापूर, आटपाडी, तासगावची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी उत्तरेतल्या कुठल्या शहरात नाहीत ते सांगा! सराफ बाजारात जाऊन 'गलाईवाले कुठं बसतात' एवढं विचारलं की पुढचं जेवण भाकरीचंच. आमचा मुक्काम गोरखपूरला चुलत्यांच्या दुकानावर होता, तिथून सोनौलीची नेपाळ सीमा दोन-अडीच तास.

इकडून सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर गाठलं. हा रस्ता आता झकास झालाय. नागपूर ते सिवनी पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचललाय, खालून जनावरांना वाट आणि कडेला आवाज-उजेड अडवणाऱ्या भिंती. पुढं जबलपूर, रीवा, प्रयागराज.

सीमेवर गाडीचा भन्सार करायचा, म्हणजे जकात भरून जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा परवाना घ्यायचा. आरसी आणि लायसन्स मागतात. पावती देवनागरीत असल्यानं आपण लगेच वाचतो आणि तिथंच फसतो, कारण तारीख विक्रम संवताची असते. आमच्या पावतीवर साल २०८२ आणि महिना मंसिर. मुदत कधी संपते ते खिडकीवरच्या माणसाला इंग्रजी तारखेत विचारा आणि पावतीच्या मागं पेनानं लिहून घ्या, कारण मुदत उलटली की दंड. दिवस तारखेनं मोजतात, त्यामुळं संध्याकाळी पाचला आत शिरलात तरी तो आख्खा दिवस धरला जातो. रात्री सीमेच्या अलीकडं झोपा, सकाळी लवकर रांगेत लागा. बाहेर 'साहेब, दोन मिनिटात करून देतो' म्हणणारे भेटतील, त्यांची गरज नाही.

कराड
विम्याचं काम करतो म्हणून तेवढंच सांगतो, बाकी फिरण्यातलं इतरांना जास्त कळतं. तुमची गाडीची पॉलिसी फक्त भारतापुरती असते. नेपाळ, भूतानसाठी थोडा जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येतं आणि तसं पत्र पॉलिसीला जोडून मिळतं. हे निघायच्या आदल्या दिवशी होत नाही, पंधरा-वीस दिवस आधी एजंटाच्या मागं लागा. 'कोण बघतंय' म्हणणारे खूप आहेत. पोखऱ्याच्या घाटात बंपर गेल्यावर मात्र फोन मलाच येतो.

गाडी वडिलांच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र बरोबर ठेवा.

वाई
आईवडिलांना पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायचं होतं, म्हणून गेलो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळखीला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. सगळे आधार कार्ड घेऊन निघतात! सरसकट सगळ्यांना ते चालत नाही. आईच्या मतदार ओळखपत्रावर अजून माहेरचं नाव होतं, म्हणून तिचा पासपोर्टच काढला. बेतातला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

मुक्तिनाथ साधारण ३,७०० मीटरवर आहे. स्वतःची गाडी पोखऱ्यात लावून पुढं तिथली जीप केली, आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तेच सांगेन. बेनीच्या पुढचा रस्ता तिथल्याच ड्रायव्हरला जमतो. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारनंतर असा वारा सुटतो की जोमसोमची विमानंसुद्धा सकाळीच उडतात. बाबा कुंडाच्या १०८ धारांखाली जायचा हट्ट धरून बसले होते. आईनं एका वाक्यात विषय मिटवला: "आधी बीपीची गोळी घ्या, मग देवाला भेटा."

सातारा, माजी सैनिक
भूतानवाल्यांनो, आधी हिशोब करा. नोकरीत असताना उत्तर बंगालात डुआर्सच्या बाजूला होतो, त्यामुळं सीमेवरचं जयगाव-फुन्शोलिंगचं गेट ओळखीचं, जयगाव आपलं आणि फुन्शोलिंग भूतानचं. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शुल्क आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. आपली गाडी फुन्शोलिंगच्या पुढं न्यायची तर तिचे दिवसाला ४,५०० वेगळे. चार मोठी माणसं, पाच रात्री: माणसांचे २४,०००, आणि सहा दिवस धरले तर गाडीचे २७,०००. माणसांपेक्षा गाडीचा पाहुणचार महाग! मुलानं गाडी जयगावला हॉटेलच्या आवारात लावली आणि भूतानची टॅक्सी केली. ड्रायव्हर हिंदी बोलतो, तो प्रश्न नाही.

एकच सूचना. तिथं झेब्रा क्रॉसिंगवर माणसानं पाय ठेवला की गाडी थांबते. थिंपूत सिग्नल नाही, हवालदार हातानं वाहतूक चालवतो. पुण्याच्या सवयीनं हॉर्न मारत जाऊ नका, लाज आपल्या पासिंगची जाते.

मिरज, दुचाकीवाला
समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळं आम्हाला लातूर-नांदेडचाच रस्ता. सोनौलीवरून पोखऱ्याला जाताना बुटवलच्या पुढं सिद्धबाबा म्हणून जागा आहे, तिथं दरड कोसळते, पावसाळ्यात त्या वाटेचा विचारच करू नका. धूळ इतकी की चेन रोज संध्याकाळी पुसायची. बाकी मज्जा.

पाटण
पैशांचं कुणीच लिहिलं नाही. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटांचं बंडल इथूनच बँकेतून घेऊन जा, आम्ही गेलो तेव्हा पाचशेची नोट पुढं केली की समोरचा 'नको' म्हणायचा. शहरातल्या दुकानात क्यूआरवर आपलं यूपीआय बऱ्याच ठिकाणी चाललं, पण घाटातल्या टपरीवर रोखच.

सांगली
दिवाळीनंतर जाताय ते बरोबर आहे. आम्ही नवरात्रात गेलो होतो कारण मुलांच्या शाळेची सुट्टी तेव्हाच जमत होती. तिकडं दसईं, म्हणजे त्यांचा दसरा, आला की आख्खं नेपाळ गावाला निघतं. पहिल्या दिवसाला घटस्थापनाच म्हणतात आणि घरात जमरा उगवतात, अगदी आपल्या घटासारखा. सासूबाईंना भारीच वाटलं. पण सरकारी कचेऱ्या बंद, रस्त्यावर टपावर बोकड बांधलेल्या बसगाड्या आणि काठमांडूत हॉटेल मिळेना. तुळशीचं लग्न लावून निघालात तर हवा स्वच्छ असते आणि पोखऱ्यातून माछापुच्छ्रेचा डोंगर सकाळी नीट दिसतो. थंडी मात्र असते, मुलांचे स्वेटर वरच्याच बॅगेत ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर दालभात सगळीकडं मिळतो आणि भात संपला की विचारून परत वाढतात. आमचे हे तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण काढायला लागले, तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि भडंग कामी आलं. भडंगाच्या पुड्या जरा जास्तच घ्या. दरड कोसळून गाड्या थांबल्या की मागच्या-पुढच्या गाडीतली माणसंही खातात. शिवाय घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं, ते मुलांनी सीमेवरच केलं आणि नंतर दिवसभर एकमेकांना वेळ विचारत बसली.

गाड्या किती आणि माणसं किती ते इथं लिहा, गोरखपूरच्या मुक्कामाचं विट्याच्या दादांना विचारून ठेवते.