'अजून' लिहिलं, फोटो टाकला. पुढे?

खडूधूळ
परवा इथे 'पुढचं_पाऊल' यांची पोस्ट आली. सार एवढंच: शाळा सुधारायला पैसा लागत नाही. मुख्याध्यापकाकडे अॅडॅप्टिव्ह लीडरशिप आणि शिक्षकाकडे ग्रोथ माइंडसेट (क्षमता मेहनतीने वाढते ही धारणा) असला की झालं. तक्रारी करणारे शिक्षक फिक्स्ड माइंडसेटवाले, म्हणजे क्षमता जन्मजात ठरलेली मानणारे. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. द्विशिक्षकी, चार वर्ग. 2015 ला सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, तेव्हा ज्ञानरचनावादाच्या (मूल स्वतः करून शिकतं, या विचाराच्या) नावाने फरशीवर आकृत्या रंगवल्या. रंग स्वतःच्या खिशातून. आज त्या फरशीवर पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. गेल्या महिन्यात शिक्षण परिषदेत नवीन पीपीटी: मूल 'मला येत नाही' म्हणालं की पुढे 'अजून' जोडायचं. जोडलं. फळ्यावर लिहून फोटो ग्रुपवर टाकायचा. टाकला. त्याच दुपारी बीएलओ (मतदान केंद्राचा अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन वाडीवर गेलो, मुलं दुसऱ्या वर्गातल्या मॅडमच्या गळ्यात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 निवडणुकीच्या कामाला सूट देतं, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. केली तर फिक्स्ड माइंडसेट.

आणि अॅडॅप्टिव्ह लीडरशिप म्हणता ना? हार्वर्डच्या हायफेट्झ यांचं मूळ म्हणणं असं की काही अडचणी तांत्रिक असतात, जाणकार माणूस येऊन सोडवतो. काहींत त्या अडचणीत असलेल्यांनाच सवयी बदलाव्या लागतात, काहीतरी सोडावं लागतं. दुसऱ्या जातीच्या अडचणीला पहिलीचं औषध दिलं की नेतृत्व फसतं. पीपीटी हे नेमकं तेच औषध! मानसिकता बदलायची ती फक्त सगळ्यात खालच्या पायरीवरच्याने, असं हायफेट्झ कुठे म्हणतात दाखवा.

पुढचं_पाऊल
सर, मूळ पोस्ट माझी, म्हणून उत्तर देतो. तुमच्या तीन परिच्छेदांत मुलांबद्दल किती ओळी आहेत मोजा. बीएलओ, रंग, पोती. ग्रोथ माइंडसेटची कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या मागे संशोधन आहे. 2019 ला 'नेचर'मध्ये आलेला अमेरिकेतला अभ्यास बघा, नववीच्या सुमारे 12,000 मुलांवरचा. ग्रोथ माइंडसेटचं एक तासाहून कमी ऑनलाइन काम, आणि मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले.

कोपरखळी
वाढले, पण किती ते गिळलंत. चार गुणांच्या मोजपट्टीवर 0.1. आणि त्याच साली इंग्लंडात 101 शाळांमधल्या ग्रोथ माइंडसेटच्या चाचणीचा निकाल आला, त्यात प्रशिक्षण घेतलेल्या शाळांतली मुलं इतरांच्या पुढे गेली नाहीत. तेही वाचा की.

पुढचं_पाऊल
जवळजवळ फुकटात 0.1 मिळत असेल तर मी घेईन. तुम्ही नका घेऊ.

आठवा_तास
हे सगळं राहू द्या. माइंडसेट-बिइंडसेट नंतर. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही म्हटलं तिथेच खेळ संपला. मी नववीला गणित शिकवतो. पोरगं बहुपदीच्या धड्याला बसतं आणि त्याला भागाकार येत नाही. भागाकार! याला ग्रोथ म्हणायचं? ढकलगाडी नुसती.

नदीपल्याड
सर, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये 'मागे ठेवू नका' एवढंच होतं. 'परीक्षा घेऊ नका, शिकवू नका' कुठे होतं? सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदी करायच्या होत्या, त्या काय झाल्या ते सगळ्यांना माहीत आहे. मार्चअखेर एका बैठकीत वर्षभराच्या.

मी जुन्या पद्धतीतली सातवी नापास. मागच्या बाकावर माझ्यापेक्षा वीतभर लहान पोरांत वर्षभर बसले. गुरुजी तेच, पुस्तक तेच, शिकवणं तेच, फक्त मी 'ती नापास झालेली'. त्या वर्षात गणित आलं नाही, पोटात दुखण्याची कारणं काढायला आली. माझ्याबरोबर नापास झालेल्या दोघी पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. एकीचं लग्न मी दहावीला जायच्या आत झालं.

आठवा_तास
वाईट वाटलं, खरंच. पण माझा धाकटा भाऊ नापास झाला म्हणून सुधारला. वडिलांनी वर्षभर वीटभट्टीवर नेलं, दुसऱ्या वर्षी बहाद्दर वर्गात पहिला. आता स्वतःचं गॅरेज आहे. भीती लागते थोडी.

नदीपल्याड
म्हणजे वीटभट्टीने सुधारला, नापासाने नाही. पोरांना भट्टीवरच पाठवा मग, शाळा कशाला?

आठवा_तास
शब्द फिरवू नका ताई. 2019 ला कायदा बदलला, 2023 च्या डिसेंबरात आपल्याकडेही पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात, असा निर्णय झाला. सरकारलासुद्धा कळलं, तुम्हाला कळत नाही.

कोपरखळी
सरकारला कळलं म्हणून बरोबर? अहो, वर ज्या फरशीवरून तंटा सुरू झाला तीही सरकारलाच कळली होती. 😀

बाई_बीडच्या
मी निवृत्त मुख्याध्यापिका. नापास-पासवर पुरे झालं आता, दोघंही वादीसाठी म्हैस मारताय.

दिवाळी झाली की आमच्या गावात ऊसतोडीला न्यायला मुकादमाची गाडी यायची. उचल घेतलेली, एक कोयता म्हणजे नवरा-बायको, पोरं मागे ट्रॅक्टरमध्ये. पटावर बेचाळीस, वर्गात एकोणीस. पहिली तीन वर्षं मी पालकांना 'शिक्षणाचं महत्त्व' सांगितलं. मान डोलवायची आणि जायची माणसं. चौथ्या वर्षी सल्ला बंद केला आणि आज्यांना शाळेत बोलावून विचारलं, पोरं ठेवून घ्यायला नेमकी कशाची अडचण? एक म्हणाली, रात्री पोरगी रडली तर मोबाइलला रिचार्ज नाही. दुसरीला संध्याकाळचं रांधणं झेपत नव्हतं. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर होती, गावाला तिच्यावर विश्वास नव्हता. त्याच आज्यांतल्या दोघींनी स्वयंपाक हाती घेतला तेव्हा बसला. त्या वर्षी अकरा पोरं गावातच राहिली. तेवीस नाही, अकरा. आणि मला काय सोडावं लागलं? रोज संध्याकाळी सातपर्यंत शाळेत थांबायचे, घरी त्यावरून भांडणं झाली. खडूधूळ सर, पीपीटी मीही पाहिल्या. पण 'वरून काही बदलत नाही' म्हणत मीही ती तीन वर्षं घालवली होती.

दुसरं, पुढचं_पाऊल यांना. तिसरीच्या वहीत 403 − 178 = 375 असं उत्तर आहे. तरुण बाईंनी खाली चांदणी काढून लिहिलंय, 'छान प्रयत्न!' तुमच्या प्रशिक्षणातून आलेली चांदणी. मी पोराला विचारलं, कसं केलंस? म्हणाला, तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले. सातातून शून्य. चारातून एक. अगदी पद्धतशीर! त्याला प्रयत्नाची शाबासकी नको होती, दशक सुटा करून दाखवायला कुणीतरी हवं होतं. ड्वेकबाईंनी स्वतः 2015 ला लिहिलंय की नुसती प्रयत्नांची वाहवा म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे.

पुढचं_पाऊल
चांदणीचं मान्य. आमच्या सत्रात स्लाइड आहे तशी, काढतो. पण बाई, तुम्ही केलंत ती अॅडॅप्टिव्ह लीडरशिपच झाली, म्हणजे मुद्दा माझाच.

खडूधूळ
वा! अकरा पोरं बाईंनी ठेवली आणि मुद्दा तुमचा. पैसा लागत नाही म्हणाला होतात; वसतिगृहाचा किराणा काय माइंडसेटवर आला?

बाई, तीन वर्षांचं बोललात ते लागलं. नाही म्हणत नाही. माझी तीनाहून जास्त झाली असतील.

आठवा_तास
375 वालं पोरगं माझ्याकडे नववीला येतं ना, तेच सांगतोय मी पहिल्यापासून. कुणी ऐकेल तर शपथ.

नदीपल्याड
मग त्याला 'कसं केलंस' विचारा. नापास करून ते कळणार नाही.

आठवा_तास
साठ पोरं आहेत वर्गात ताई. पस्तीस मिनिटांचा तास.

बाई, दशक सुटा करताना तुम्ही काड्यांचे गठ्ठे वापरायचात की नाणी? मधल्या शून्यापाशीच सगळी अडकतात. नववीच्या पोरांपुढे काड्या ठेवल्या तर हसतील.

बाई_बीडच्या
नोटा घ्या. शंभराची मोड मागा. हसणार नाहीत.