ट्रॅकवर शिकायचं असेल तर गाडी हलकीच हवी

टाच-अंगठा

"पहिली ट्रॅक गाडी कोणती घ्यावी?" असं कुणी विचारलं की बहुतेकांची सुचवणी तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या पुढेच सुरू होते. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. ट्रॅकवर गाडी चालवायला खरोखर शिकायचं असेल तर साडेचारशे ते सव्वासातशे किलोची, कमीत कमी सामान असलेली आणि मध्ये कुठलाही संगणक न घालणारी गाडी घ्यावी. कॅटरहॅम सेव्हन किंवा १९९६ ची पहिल्या पिढीची लोटस एलिस, या जातीतली. अश्वशक्तीचा प्रश्न त्यानंतरचा.

कारण टायरपासून सुरू होतं. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. वळणात बाहेरच्या बाजूला फेकणारं बल मात्र वजनाबरोबर सरळ वाढत जातं. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात. रुंद टायर आले की मोठी चाकं, त्यांना साजेसे मोठे ब्रेक, जाड सस्पेन्शन, आणि हे सगळं ओढायला मोठं इंजिन. सेव्हनचाच एक प्रकार असलेली कॅटरहॅम १७० बघा. गाडी ४४० किलोची, ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं सुझुकी टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती आणि टायर फक्त १५५ मिमी रुंद. त्या अरुंद टायरची हद्द कमी वेगात येते आणि हळूहळू येते. मागचं चाक सुटायला लागलं की आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. स्टिअरिंग उलटं फिरवायला पुरेसा वेळ असतो. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत हाच धडा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे मिळतो, आणि तिथे शिकायला सवड नसते.

ज्यांनी सेव्हन चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांच्या रेषेत, जमिनीला टेकल्यासारखे बसलेले असता. समोर लांब बॉनेट, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुढची उघडी चाकं डोळ्यांसमोर वळताना दिसतात. ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, म्हणजे कर्बवर, चाक चढलं की सस्पेन्शनचे दांडे वरखाली होताना दिसतात. एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, चाक नेमकं कुठे लागलं याचा अंदाज करावा लागत नाही, ते दिसतंच. पेडल इतकी जवळजवळ असतात की पातळ, अरुंद तळव्याचे बूट घातल्याशिवाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर वेगवेगळे सापडत नाहीत. पण एकदा सवय झाली की ब्रेक दाबता दाबता टाचेने ॲक्सिलरेटरला झटका देऊन गिअर खाली उतरवणं तिच्याइतकं सहज दुसरीकडे कुठे जमत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वळणात घालवलेला वेग ८४ अश्वशक्तीच्या गाडीत सरळ पट्ट्यावर भरून निघत नाही. चूक पुढच्या वळणापर्यंत सोबत येते. ताकदवान गाडी ती चूक पुसून टाकते, म्हणून माणूस वर्षानुवर्षं तीच चूक करत राहतो.

स्टॉपवॉच

असहमत, आणि बऱ्यापैकी.

ट्रॅक असतो वेळेसाठी. जर्मनीतली नॉर्डश्लायफ ही शर्यतीची वाट २०.८ किमीची आहे. तिथे पोर्शे टायकान टर्बो जीटी या विजेवरच्या गाडीने ७ मिनिटं ७.५५ सेकंदांची फेरी मारली आहे. बॅटरीसकट ती गाडी सव्वादोन टनांच्या आसपास भरते. तुमच्या हिशोबाने एवढ्या वजनाच्या गाडीने वळणंच घेऊ नयेत. टायर, सस्पेन्शन, गाडीला खाली दाबणारी हवा आणि नियंत्रण यंत्रणा यांनी वजनावर मात करता येते हे त्या फेरीने दाखवून दिलं.

उलट सेव्हनची बाजू बघा. उघडी चाकं, उभी काच, १९५७ च्या लोटस सेव्हनचाच घाट. वेग वाढला की हवा तिला अडवते, पण खाली दाबत मात्र नाही. त्यामुळे वेगवान वळणात फक्त टायरच्या भरवशावर राहायचं.

शिकण्याबद्दल म्हणाल तर आज शिकणं आकड्यांवर चालतं. ब्रेक किती दाबला, कुठे सोडला, स्टिअरिंग किती अंशांत होतं, हे सगळं फेरीनंतर आलेखात दिसतं. चाकं जागच्या जागी फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचे टप्पे असलेल्या गाडीत माणूस एकेक टप्पा कमी करत पुढे जातो. कमरेला कळण्याची वाट बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

लाल झेंडा

मी ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभा राहणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा आहे.

हलकेपणाचं कौतुक करताना त्याची किंमतही बोलली पाहिजे. ५ सप्टेंबर १९७० ला इटलीत मोन्झाच्या सरावात फॉर्म्युला वन चालक योखेन रिंट लोटस ७२ मध्ये मरण पावला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि गाडी बॅरिअरवर आदळली. लोटसच्या कॉलिन चॅपमनच्या गाड्या हलक्या असतात म्हणजे नाजूक असतात, ही भीती रिंटला आधीपासून होती. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

सेव्हनमध्ये एअरबॅग नाही, ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, बाजूने धडक बसली तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आणि बारीक नळ्या. त्यात ट्रॅक डेला, म्हणजे हौशी चालकांना ट्रॅक खुला असतो त्या दिवशी, त्याच ट्रॅकवर दीड टनाच्या गाड्याही धावत असतात. त्यांच्या आरशात इतकी बुटकी गाडी दिसतही नाही. सरळ पट्ट्यावर जड गाडी दणकून पुढे जाते, वळणात हलकी गाडी तिच्या मागच्या बंपरला येऊन चिकटते, आणि पुढे जायला वाट कुणी कुणाला द्यायची यावर दोघांचा अंदाज चुकतो. नवशिक्याला मी अशा गाडीत बसवणार नाही.

टाच-अंगठा

@स्टॉपवॉच, त्या फेरीचा आदर आहे. पण ती हजाराहून जास्त अश्वशक्तीची गाडी होती, कारखान्याच्या कसलेल्या चालकाच्या हातात, खास टायरवर, आणि ती एक फेरी होती. नवशिक्या वीस-वीस मिनिटांची सत्रं करतो. तिथे ब्रेकचा हिशोब लागतो. गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४४० किलोची गाडी आणि ८० किलोचा चालक ताशी १६० किमीच्या वेगावरून थांबले तर ब्रेकना साधारण अर्धा मेगाज्यूल उष्णता पोटात घ्यावी लागते. पोर्शे ९११ जीटी३ साधारण १४३५ किलोची आहे, आणि त्याच पट्ट्याच्या शेवटी ती २२० वर असेल. तिच्या ब्रेकना साडेपाच पट उष्णता. जीटी३ चे ब्रेक त्यासाठीच बनवलेले असतात, ते टिकतात. पण रस्त्यावरची साधी जड, ताकदवान गाडी घेऊन आलेल्याचं काय होतं ते प्रत्येक ट्रॅक डेला दिसतं. काही फेऱ्यांत ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ पडतं आणि माणूस उरलेला वेळ गाडी थंड करत फिरतो. हलक्या गाडीत जास्त फेऱ्या होतात. शिकायला फेऱ्याच लागतात.

@लाल झेंडा, रिंटचं उदाहरण मी टाळणार नाही. पण भार सोसणारा भाग बारीक करणं आणि नको असलेलं सामान काढून टाकणं यात फार फरक आहे. पहिल्या एलिसची ॲल्युमिनियमची, चिकटवून जोडलेली चासी ६८ किलोची होती आणि ती लेचीपेची नव्हती. गाडीचं वजन ७२५ किलोपर्यंत आलं ते ब्रेकला सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) नाही, एबीएस नाही, आत गालिचे नाहीत, अशा गोष्टींमुळे. धडकेच्या वेळी वजनसुद्धा आडवं येतं. भिंतीवर आदळताना जिरवायची ऊर्जा हलक्या गाडीत कमीच असते.

लाल झेंडा

भिंतीबाबत मान्य. दुसऱ्या गाडीबाबत नाही. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की हलक्या गाडीच्या वेगात जास्त बदल होतो, आणि माणसाच्या शरीराला तोच बदल मारतो. हे भौतिकशास्त्र तुमच्या बाजूचं नाही.

ओली सडक

पावसाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

हलक्या गाडीचे टायर गरम होत नाहीत. टायरला ऊब येते ती त्याच्यावरच्या भारामुळे आणि घासण्यामुळे. पाचशे किलोची गाडी थंड, ओल्या ट्रॅकवर ट्रॅक डेच्या चिकट टायरला जागंच करू शकत नाही. जड गाडी दोन फेऱ्यांत टायर तयार करते, सेव्हनवाला अजून बर्फावर चालल्यासारखा जपून चालवत असतो. मग तो टायरमधली हवा कमी-जास्त करत बसतो.

आणि गाडी इतकी हलकी की शेजारी कुणी बसलं तरी तोल बदलतो. ४४० किलोच्या गाडीत ८० किलोचा प्रशिक्षक म्हणजे १८ टक्के वजन वाढलं. एकट्याने चालवताना पुढचं चाक जे सांगत होतं ते प्रशिक्षकाबरोबर वेगळंच सांगतं. बीएसी मोनोसारख्या एका आसनाच्या गाडीत तर प्रशिक्षक बसणारच नाही. शिकण्यासाठी हीच गाडी म्हणता, मग शिकवणारा कुठे बसायचा?

तरीही मी हलक्या गाडीच्याच बाजूने आहे. पावसात तिने जे शिकवलं ते कोरड्यात कुठल्याच गाडीने शिकवलं नाही. ब्रेक सोडण्याचा वेग हा ब्रेक दाबण्याइतकाच महत्त्वाचा असतो, हे मला तिथे कळलं. पेडल झटक्यात सोडलं की पुढच्या चाकांवरचा भार उडतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाते. इंच इंच सोडलं की वळते. इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत हे जाणवतं, पण पुसट.

चौथा गिअर

तुम्ही सगळे टोकाच्या गाड्या धरून बसला आहात. माझदा एमएक्स-५ कुणालाच आठवली नाही का? १९८९ पासून ती टनाच्या आसपासच राहिली आहे. आताच्या पिढीतही एक टनच. मागच्या चाकांवर चालते, नव्या गाड्यांत एबीएस आहे, शेजारी प्रशिक्षक नीट बसतो, ट्रॅकवरून त्याच गाडीने घरी जाता येतं. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार बसवला, ब्रेक ऑइल आणि पॅड बदलले की काम झालं. टाच-अंगठा यांचे जवळजवळ सगळे मुद्दे तिला लागू पडतात.

टाच-अंगठा

बरेचसे पडतात, सगळे नाही. एमएक्स-५ चांगली आहे आणि कुणी ती घेतली तर मी आडवा येणार नाही. पण एबीएसमुळे माणूस ब्रेकची हद्द पायाने शोधायचं सोडतो. पेडलवर उभा राहतो आणि उरलेलं काम संगणकावर टाकतो. चाक लॉक होण्याच्या अगदी आधीची ती थरथर ओळखणं ही ट्रॅकवरची पहिली विद्या आहे, आणि ती शिकायला लॉक होणारं चाक लागतं.

@ओली सडक, प्रशिक्षकाचा मुद्दा बिनतोड आहे. सुरुवात दोन आसनांच्या गाडीतच करावी.

स्टॉपवॉच

एबीएस असलेल्या गाडीतही ती थरथर शोधता येते. एबीएस लागू होण्याच्या किंचित आधी दाब धरून ठेवायचा, आणि लॉगरवर (आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) बघायचं की किती वेळा जमलं. चुकलं तर टायर चौकोनी होत नाही, एवढाच फरक. लॉक झालेल्या चाकाने टायरला सपाट चट्टा पडला की उरलेला दिवस गाडी हादरत असते. त्यातून नवशिक्या काय शिकणार?

टाच-अंगठा

पुढच्या वेळी पाय हलका ठेवायला शिकतो.

लाल झेंडा

वाद चालू राहू द्या. पण जो कुणी हे वाचून उघडी गाडी घेणार असेल त्याने आधी हे करावं. रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या मजबूत भागापर्यंत सरळ काठी धरा, हेल्मेट घालून बसा, आणि हेल्मेट काठीच्या खाली स्पष्ट राहतंय का ते दुसऱ्याला बघायला सांगा. राहत नसेल तर आसन खाली घ्या किंवा बार बदला. सहा पट्ट्यांचा हार्नेस लावणार असाल तर हान्सशिवाय, म्हणजे खांद्यावर बसून हेल्मेट पुढे जाऊ न देणाऱ्या साधनाशिवाय, लावू नका. हार्नेस धड घट्ट धरतो आणि डोकं पुढे जातं, मग सगळा भार मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. २००१ ला डेटोनात अमेरिकन शर्यतचालक डेल अर्नहार्ट अशाच इजेने गेला, आणि फॉर्म्युला वनने २००३ पासून हान्स सक्तीचं केलं. हान्सचं वजन जेमतेम किलोभराचं, तेवढं गाडीत वाढलं तरी चालेल.