मदत हवी आहे: क्वेसारमधला 'प्रकाशापेक्षा जास्त' वेग, गणित जमलं पण मोजणी जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, मी मुलुंडला अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. परवा एका मुलीने विचारलं, मॅडम, थ्री सी २७३ या क्वेसारमधला (खूप दूरच्या गॅलक्सीच्या प्रखर केंद्रातला) रेडिओ ठिपका प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने सरकताना दिसतो म्हणतात, मग आइन्स्टाईनचं काय?

फळ्यावर असं मांडलं: ठिपका प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने निघाला, दिशा आपल्या दृष्टिरेषेपासून जेमतेम साडेअकरा अंश बाजूला. १०० वर्षांत तो आपल्याकडे ९६ प्रकाशवर्षं आला आणि आडवा साडेएकोणीस. म्हणजे शेवटी निघालेल्या प्रकाशाला ९६ प्रकाशवर्षं कमी कापायची, त्यामुळे तो पहिल्याच्या मागोमाग फक्त ४ वर्षांनी पोचतो, आणि आपल्याला ४ वर्षांत साडेएकोणीस प्रकाशवर्षं सरकलेलं दिसतं, जवळजवळ पाचपट वेग! मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्येच मांडलं होतं आणि व्हीएलबीआयने (दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून) ते दिसलं १९७१ च्या सुमारास, हे ऐकून पोरं जाम खूश झाली.

पण तीच मुलगी परत, मॅडम, इतक्या नेमक्या कोनात किती असणार? हिशेब केला तर जेट (केंद्रातून दोन बाजूंना सुटणारे झोत, हे ठिपके त्यातलेच) कुठल्याही दिशेला असू शकतात असं धरून, दोन्ही बाजूंचे जेट मोजूनसुद्धा, शंभरात साधारण दोनच येतात. आणि प्रखर कॉम्पॅक्ट (अगदी छोट्या दिसणाऱ्या) रेडिओ सोर्समध्ये तर असे ढिगाने सापडतात.

मला वाटतं हे डॉपलर बूस्टिंगमुळे, आपल्याकडे रोखलेला जेट जास्त प्रखर दिसतो म्हणून यादीत तेच आधी शिरतात. वरच्याच आकड्यांनी डॉपलर फॅक्टर (आपल्याला मिळणारी फ्रीक्वेन्सी मूळच्या किती पट, तो आकडा) ५ येतो, आणि तोच जेट पूर्ण आडवा असता तर ०.२, म्हणजे २५ पटींचा फरक. फ्लॅट स्पेक्ट्रम (सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखीच प्रखरता) धरून याचा वर्ग घेतला तर प्रखरतेत फरक ६२५ पट, घन घेतला तर पंधरा हजारांच्या वर. इथेच अडलेय. सलग जेटला वर्ग आणि सुट्या ठिपक्याला घन, असं वाचलंय, पण एक घात कमी का होतो ते बारावीच्या पोरांना कळेल असं कोणी समजावेल का? सूत्र नको, कारण हवंय.

आणि उरलेले अठ्ठ्याण्णव कुठे? सिग्नस ए सारख्या, जेट आडवे असलेल्या रेडिओ गॅलक्सी म्हणजे तेच का?

मोजावे प्रकल्पाच्या (व्हीएलबीआयने अशा जेटवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा प्रकल्प) इमेजेस कोणी वापरल्या असतील तर वर्षानुवर्षं एकच ठिपका स्पष्ट दिसतो असा एखादा सोर्स सुचवा प्लीज, शनिवारी पोरांकडून ग्राफ पेपरवर वेग काढून घ्यायचाय.